टोपीवर वड कसा उतरवायचा?

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरपासून एडिंबराला शिकायला आहे. तिच्यासाठी केबलची, म्हणजे वेणीसारखा पीळ दिसणाऱ्या विणीची, लोकरी टोपी विणायची आहे. झाडापानांची डिझाइनं पुष्कळ मिळाली, पण सगळी ओकच्या पानांची नाहीतर पाइनच्या शंकूंची. आमच्या घरासमोर मोठा वड आहे, त्याच्या पारंब्यांना लोंबकळतच ती मोठी झाली. म्हणून मला वडच हवा आहे. केबलमध्ये वडाचं पान बसवून पाहिलं, पण ते पान वाटतच नाही, ढेकूळ वाटतं. मला सुलट-उलट, टाके कमी-जास्त करणं आणि साधी वेणी येते. काय करू?
(एक वाचक, वाई)

उत्तर : ताई, पानाचा नाद सोडा आणि पारंब्या धरा. तुमच्या लेकीनंही त्याच धरल्या होत्या.

केबलला एक गोष्ट फार सुंदर जमते. उलट टाक्यांच्या जमिनीवर सुलट टाक्यांची उभी रेघ उठून दिसते, ती डावी-उजवीकडे सरकते, शेजारणीच्या वरून किंवा खालून जाते आणि तिच्यात मिसळते. म्हणजे निसर्गातली जी वस्तू मुळात रेघांची आहे तीच केबलमध्ये शोभते. वेली, मुळं, ओढ्याला फुटलेले फाटे. ओकचं पान जमतं कारण त्याच्या कडेला खोल खाचा असतात, विणणाऱ्या बाईला त्या कडेनं रेघ फिरवता येते. वडाचं पान रुंद, गुळगुळीत, अखंड कडेचं. केबलला तिथे धरायला काही सापडतच नाही, म्हणून तुमचं ढेकूळ झालं. हात चांगलाच आहे तुमचा, वस्तू चुकीची निवडली गेली.

पारंब्यांचं उलट आहे. त्या बारीक सुटतात, शेजारच्या पारंबीला चिकटतात, एकमेकींना पीळ घालतात, जाड होतात. हे वर्णन वडाचं की वेणीच्या विणीचं, सांगता येणार नाही. शिवाय टोपी आपण खालून वर विणतो. खालची दोन सुलट-दोन उलटची बॉर्डर म्हणजे लोंबणाऱ्या पारंब्या. त्या वर जाताना जोडीनं एकत्र येतात, त्यांचे दोर होतात, दोरांच्या फांद्या होतात आणि फांद्या डोक्यावर मधोमध मिळतात. वडाखाली उताणं पडून वर पाहिलं की असंच दिसतं. मधलं खोड डिझाइनमध्ये कुठेच नाही, याची चिंता करू नका. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला तो प्रसिद्ध वड बघा. त्याच्या मुख्य खोडाला बुरशी लागली म्हणून ते १९२५ साली काढून टाकावं लागलं, आणि झाड आजही नुसत्या पारंब्यांवर पसरलेलं उभं आहे.

आता सामान. लोकर खरीच घ्या, शक्यतो मेरिनो मेंढीची, डबल निट म्हणजे मध्यम जाडीची, १०० ग्रॅम. एडिंबराच्या हिवाळ्यात बर्फापेक्षा वारा आणि दमटपणा जास्त असतो, आणि लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. रंग फिका निवडा. मळखाऊ म्हणून गडद निळा किंवा काळा घेण्याचा मोह होईल, पण केबल दिसते ती तिच्या सावलीमुळे, आणि काळ्यावर सावली पडलेली दिसत नाही. साय, राख, फिकट शेवाळी हे रंग उत्तम. रंगीबेरंगी छटांची लोकर या कामाला नको. सुया १० नंबर (३.२५ मिमी) आणि ८ नंबर (४ मिमी), दोन्ही ४० सेंमीच्या गोल. टाळूजवळ टाके कमी झाले की दोन्हीकडे टोक असलेल्या ८ नंबरच्या सुया लागतील. वेणीसाठी वेगळी वाकडी सुई मिळते. ती नसेल तर दोन्हीकडे टोक असलेली आखूड सुई चालते.

नमुना विणून बघा, आणि तो वेणीचाच विणा. इथे बऱ्याच जणी घाई करतात. साध्या सुलट विणीत या लोकरीचे १० सेंमीत २२ टाके बसत असतील, तर वेणीत २६च्या आसपास बसतात, कारण प्रत्येक वेणी कापड आत ओढून घेते. साध्या विणीचा हिशेब धरून टोपी विणली की ती कपाळाला आवळते. मुलीच्या डोक्याचा घेर ५६ सेंमी धरू. टोपी त्याहून ५-६ सेंमी लहान हवी, म्हणजे ५० सेंमीच्या आसपास. २६ च्या हिशेबानं १३० टाके होतात, आणि आपल्या नक्षीला १६ च्या पटीतले हवेत, म्हणून १२८.

१० नंबरच्या सुईवर १२८ टाके सैल हातानं घाला, गोल जोडा, फेरीच्या सुरुवातीला खूण लावा आणि दोन सुलट-दोन उलट ५ सेंमी विणा. वाऱ्यासाठी मी म्हणेन की १० सेंमी विणा आणि शेवटी ही पट्टी अर्ध्यात आतल्या बाजूला दुमडून सैल टाक्यांनी शिवून टाका. कानांवर दुहेरी थर येतो. बाहेरच्या बाजूला मात्र दुमडू नका. बाहेर दुमडली की पट्टीची उलटी बाजू वर येते, सुलट रेघेच्या जागी उलट रेघ येते आणि पारंब्या मधेच तुटल्यासारख्या दिसतात. आपल्याला त्या अगदी कडेपासून वरपर्यंत सलग हव्यात.

मग ८ नंबरची सुई घ्या, एक फेरी तशीच विणा, आणि पुढच्या फेरीत पारंब्या जोडीनं जवळ आणा. पहिल्या पारंबीचे दोन टाके वेणीच्या सुईवर घेऊन पुढे धरा, एक उलट विणा, मग धरलेले दोन सुलट. आता पुढचा एक उलट टाका मागे धरा, दुसऱ्या पारंबीचे दोन सुलट विणा, मग मागे धरलेला टाका उलट. नंतर दोन उलट. हे आठ टाके झाले, फेरीत असं सोळा वेळा. फेरी संपली की १ उलट, ४ सुलट, ३ उलट अशी मांडणी दिसेल. ३२ पारंब्यांचे १६ दोर झाले.

दोन फेऱ्या जसं दिसतं तसं विणा, तिसऱ्या फेरीत दोरांना पीळ द्या. दोन टाके पुढे धरा, दोन सुलट, मग धरलेले दोन सुलट. शेजारच्या दोराला मात्र दोन टाके मागे धरून उलटा पीळ द्या. एक दोर डावीकडे, एक उजवीकडे, असं फेरीभर. यामुळे जोडीतले दोर एकमेकांकडे झुकतात. सगळ्यांना एकाच बाजूचा पीळ दिलात तर नक्षी एका अंगाला कलल्यासारखी वाटते. दर सहाव्या फेरीला पीळ, असे चार पीळ. हा भाग शांतपणे विणा, टोपीचा जीव इथे आहे. मला स्वतःला चौथा पीळ पाचव्या फेरीतच द्यायला आवडतो. वडाला कुठे मोजपट्टी असते!

चौथ्या पिळानंतर तीन फेऱ्या गेल्या की दोर जोडीनं जवळ आणा. रीत तीच, फक्त दोनाऐवजी चार टाके सरकवायचे. दोन दोरांमध्ये चार उलट टाके आहेत, म्हणून एक आड एक अशा दोन फेऱ्यांत प्रत्येक दोर एकेक टाका आत सरकवला की दोन्ही टेकतात आणि आठ टाक्यांची फांदी होते. अशा आठ फांद्या, त्यांच्यामध्ये आठ-आठ उलट टाके. आणखी दोन फेऱ्या विणून फांदीला मोठा पीळ द्या, चार टाक्यांवरून चार. हा घट्ट जातो. आधीची फेरी मुद्दाम सैल विणलीत तर सुई ओढाताण न करता जाईल.

टाळूकडे जाताना आधी फेरीची खूण पहिल्या फांदीच्या उजव्या कडेला आणून ठेवा, म्हणजे हिशेब सरळ राहतो. फांदीला हात न लावता फक्त उलट टाके घटवा. फांदी संपल्यावर लगेच दोन उलट एकत्र, आणि पुढची फांदी येण्याआधी दोन उलट एकत्र. दर तिसऱ्या फेरीला असं तीनदा. टाके १२८ चे ११२, मग ९६, मग ८० होतात. फांद्या तेवढ्याच जाड राहतात आणि आपोआप जवळ येतात.

पुढची घट मला या टोपीतली सगळ्यात देखणी वाटते, कारण ती पिळातच लपते. मध्ये दोन साध्या फेऱ्या विणा. मग फांदीचे पहिले चार टाके वेणीच्या सुईवर घेऊन पुढे धरा. पुढच्या सुईवरचा एक आणि मागच्या सुईवरचा एक, असे दोन टाके एकत्र सुलट विणा. चार वेळा. पीळही पडतो आणि आठचे चारही होतात, आणि टाके घटवल्याची खूण कुठे दिसत नाही. मग दोन उलट. फेरीअखेर ४८ टाके राहतील. दोन फेऱ्या साध्या, नंतर सगळे टाके दोन-दोन एकत्र करून २४, एक फेरी साधी, मग दोन सुलट एकत्र आणि एक उलट असे १६. धागा तोडून १६ टाक्यांतून दोनदा ओवा, ओढून आत पक्का करा. वर गोंडा लावू नका, मधोमध फांद्या मिळतात तीच जागा झाकली जाईल.

रानीखेतला आमची बदली असताना शेजारच्या काकी उन्हात बसून, गप्पा मारत, सुईकडे न बघता वेण्या विणायच्या. त्यांना कागदावरचा तक्ता लागायचा नाही, कारण खालची फेरीच त्यांना वरची सांगायची. तुमच्या या टोपीतही पहिले दोन पीळ झाले की तक्त्याची गरज संपेल. समोर वड आहेच.

प्रश्न : वेणीच्या स्वेटरमध्ये बरंच वर गेल्यावर लक्षात आलं की खाली एक वेणी उलट्या बाजूला वळली आहे. सगळं उसवायचं का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : मुळीच नाही. फक्त त्या वेणीचे चार टाके उसवा. विणत विणत त्या वेणीपर्यंत या, तिचे चार टाके सुईवरून सोडा आणि चुकीच्या पिळाच्या एक फेरी खालपर्यंत जाऊ द्या. मधे आडव्या धाग्यांची शिडी दिसेल, जितक्या फेऱ्या तितकी तिची पायरी. चार मोकळे टाके आखूड सुईवर उचला. सगळ्यात खालचा धागा घेऊन योग्य बाजूला पीळ देत ते चार टाके विणा, मग त्याच्या वरच्या धाग्यानं पुढची फेरी, असं एकेक पायरी चढत या. धाग्यांचा क्रम बिघडू देऊ नका. मी वरचे धागे सेफ्टी पिनेत अडकवून ठेवते आणि लागेल तसा एकेक सोडते. धागा तोकडा वाटेल, तसा तो वाटतोच. शेवटी शेजारचे टाके सुईच्या टोकानं थोडे थोडे ओढून सैलपणा वाटून द्या. धुतल्यावर जागा सापडणारही नाही.

लांबून कोण बघतंय, असं म्हणणारे भेटतील. पण तो स्वेटर हाती घेऊन बघणाऱ्या माणसाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. दुरुस्त करा.

प्रश्न : आमच्या भागात धनगरांकडून मेंढीची लोकर थेट मिळते. तिच्या सुताची केबलची टोपी विणली तर? बाजारातल्या लोकरीपेक्षा आपल्या माणसाला पैसे मिळतील.
(एक वाचक, फलटण)

उत्तर : तुमचा विचार मला मनापासून पटतो, पण टोपीसाठी नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड असते. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, दख्खनी त्याहून बराच जाड, म्हणून कपाळाला टोचतो. शिवाय ही लोकर बहुतेक काळी किंवा करडी असते, आणि काळ्यावर केबल दिसत नाही हे वर लिहिलंच आहे. तुम्ही खपून विणलेली वेणी वाया जाईल.

या लोकरीचा खरा मान घोंगडीत आहे. मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन केलेली घोंगडी पावसाचा शिडकावा झेलते, वर्षानुवर्षं टिकते. ती त्यांच्याकडून विकत घ्या, पैसे थेट पोचतील आणि योग्य वस्तूचे पोचतील. विणायचंच असेल तर जाड सुयांवर बसकर विणा किंवा पाण्याच्या बाटलीची पिशवी. टोपीचाच हट्ट असेल तर साधी सुलट वीण ठेवा आणि आतून होजिअरीच्या मऊ कापडाचं अस्तर लावा.

प्रश्न : आयर्लंडच्या अरन बेटांवर म्हणे प्रत्येक घराण्याची वेगळी केबल असायची, आणि समुद्रात बुडालेला कोळी त्याच्या स्वेटरवरून ओळखला जायचा. हे खरं आहे का? आम्हालाही आमच्या घराण्याची केबल तयार करायची आहे.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गोष्ट मन हलवणारी आहे, पण खरी नाही. अरनची ती केबलनं भरलेली पांढरी स्वेटरं फार प्राचीनही नाहीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ती आकाराला आली. घराणेवार नमुन्यांची नोंद कुठे सापडत नाही. या समजुतीचं मूळ बहुधा आयरिश नाटककार जे. एम. सिंज यांच्या एका एकांकिकेत आहे. १९०४ साली ती डब्लिनमध्ये रंगमंचावर आली. तीत बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते, पण ती मोज्यावरून, आणि तीही नक्षीमुळे नाही. तिनं स्वतः त्या मोज्याचे टाके घातलेले असतात, मधे चार सुटलेले असतात, आणि ते तिच्या लक्षात असतं. पुढे स्वेटरं विकणाऱ्यांनी मोज्याचा स्वेटर केला आणि टाक्यांची घराण्याची खूण केली.

मला मूळ गोष्ट जास्त खरी वाटते. हातानं विणणाऱ्या प्रत्येकीला आपण कुठे काय केलं ते आठवत असतंच. आणि त्या बेटांवरच्या बायकांचं श्रेय या दंतकथेत हरवतं, याचं मला वाईट वाटतं. त्या पोटासाठी विणत होत्या. १९३० साली डब्लिनमध्ये म्युरिएल गाहन यांनी ग्रामीण कारागिरांच्या मालासाठी दुकान काढलं, तिथे त्यांचं काम विकलं जाऊ लागलं. १९६१ साली क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश गायक अमेरिकेच्या टीव्हीवर तीच स्वेटरं घालून आले आणि मागणी एकदम वाढली. म्हणजे गाजलेल्या त्या नक्षीमागे घराणी नाहीत, बाजारासाठी एकीपेक्षा एक सरस विणणाऱ्या बायका आहेत.

तुम्ही तुमची केबल जरूर तयार करा. फक्त आडनावापासून सुरुवात करू नका, घराजवळच्या एखाद्या वस्तूपासून करा. कठड्यावरची गुळवेल, खाडीतल्या चिखलातले पाण्याचे ओघळ. सुलट-उलटच्या खुणा चौकटीच्या वहीत मांडा आणि वर साल लिहा.

प्रश्न : ॲक्रिलिकची केबल टोपी विणली. धुऊन इस्त्री केल्यावर केबल सपाट झाली. पुन्हा उठेल का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : इस्त्री थेट लागली असेल तर नाही उठणार. ॲक्रिलिकला उष्णता लागली की धागा मऊ पडून कायमचा बसतो. वाफेनंही तेच होतं. ती टोपी घरात वापरा, ऊब द्यायला ती समर्थ आहे.

पुढच्या वेळी ॲक्रिलिक असो की लोकर, केबलला इस्त्री नकोच. लोकरीची टोपी कोमट पाण्यात, लोकरीच्या साबणात वीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. गरम पाणी आणि चोळणं या दोन्हींनी लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून टोपी आटते आणि ती परत सैल होत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा. मग डोक्याच्या मापाच्या उपड्या भांड्यावर चढवून सावलीत वाळवा. बॉर्डर ताणली जाणार नाही एवढं बघा, भांड्याचा काठ बॉर्डरच्या वर संपला पाहिजे. ओली असतानाच प्रत्येक वेणीच्या दोन्ही कडांनी बोट फिरवून उलट टाके आत दाबा. वाळल्यावर वेणी चांगली उठून येते.